टॉवर एक, कंपन्या अनेक : सामायिक मोबाइल जाळ्यांची ओळख

महामार्गालगतच्या एखाद्या मोबाइल टॉवरखाली उभे राहून वर नीट पाहिले, तर त्यावर बहुधा एकाच कंपनीचे सामान दिसत नाही. लांबट पांढरे अँटेना तीन दिशांना तोंड करून बसवलेले असतात. त्यांचे दोन-तीन मजले असतात आणि अनेकदा प्रत्येक मजला वेगळ्या कंपनीचा असतो. अँटेनांच्या मागे रेडिओ युनिटचे खोके, त्यांच्याखाली मायक्रोवेव्हच्या गोल डिश. जमिनीवर कुंपणाच्या आत रेक्टिफायर आणि बॅटऱ्यांची कपाटे, बाजूला डिझेल जनरेटर. महावितरणची जोडणी एकच, अर्थिंग एकच, फाटकाचे कुलूपही एकच. कोणत्या कंपनीने किती वीज खाल्ली हे मोजायला कपाटात वेगवेगळे डीसी मीटर बसवलेले असतात. बाजारात एकमेकांचे ग्राहक खेचणाऱ्या कंपन्या इथे एकाच बॅटरीवर चालतात.

हे पुस्तक या भागीदारीविषयी आहे. मोबाइल कंपन्या जाळे वाटून घेतात म्हणजे नेमके काय वाटून घेतात, ही रीत कशी पडली, ती कोणी घडवली, तिच्यातून ग्राहकाच्या पदरात काय पडते आणि कोणत्या गोष्टी धोक्यात येतात, हे मराठीत सलग मांडण्याचा हा प्रयत्न आहे. विषय अभियंत्यांचा वाटतो, पण त्यातले कितीतरी निर्णय रोज मराठीतून होत असतात. गच्ची टॉवरला भाड्याने द्यायची का, यावर गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वाद होतात. गावाबाहेरच्या गटात टॉवर उभारायला ना-हरकत द्यायची का, हे ग्रामपंचायत ठरवते. मेळघाटात किंवा सातपुड्यात रेशन दुकानदार अंगठ्याचे मशीन घेऊन रेंज शोधत फिरतो, तेव्हा त्याचा प्रश्नही हाच असतो : शेजारच्या डोंगरावर टॉवर आहे, मग माझ्या सिमला त्याचा उपयोग का नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी वाटणीचे थर कळायला हवेत. सर्वांत खालचा थर जागेचा आणि सांगाड्याचा : जमीन किंवा गच्ची, टॉवर, वीज, बॅटरी, जनरेटर, वातानुकूलन, राखण. या थरातून आवाज किंवा डेटा वाहत नाही, म्हणून या वाटणीला धंद्यात ‘पॅसिव्ह शेअरिंग’ म्हणतात. त्यावरचा थर ‘अॅक्टिव्ह’, म्हणजे खुद्द अँटेना, रेडिओ, बेस स्टेशन आणि तिथून पुढे जाणारी फायबर किंवा मायक्रोवेव्हची वाट. इथे दोन पद्धती आहेत. पहिलीत उपकरण सामायिक असते, पण प्रत्येक कंपनी आपापल्या लहरी वापरते. दुसरीत लहरीही एकत्र केल्या जातात. या दुसऱ्या पद्धतीत एकच बेस स्टेशन सर्व भागीदार कंपन्यांची ओळख हवेत प्रसारित करत असते. हँडसेट त्या यादीतून आपली कंपनी ओळखतो आणि स्क्रीनवर नेहमीचेच नाव दाखवतो. त्यामुळे ग्राहकाला वाटणीचा पत्ताही लागत नाही. तिसरा प्रकार रोमिंगचा : माझ्या कंपनीचे त्या भागात काहीच नाही, म्हणून माझे सिम दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर पाहुणे म्हणून राहते. सर्वांत वर असते ‘कोअर’. ग्राहकाची नोंद, त्याचा प्लॅन, त्याचे बिल तिथे असते, आणि ते कंपन्या सहसा कोणाशी वाटत नाहीत.

या थरांमधून एक नियम दिसतो आणि पुस्तकभर तो आपली सोबत करतो. वाटणी जितकी वरच्या थरावर जाते तितकी बचत वाढते, आणि तितकेच कंपन्यांचे एकमेकांपासूनचे वेगळेपण कमी होते. खालच्या थरावर भागीदारी केली तर स्पर्धेला फारसा धक्का लागत नाही. वरच्या थरावर केली तर एकीच्या जाळ्याचा वेग, पोहोच आणि दर्जा दुसरीसारखाच होतो, आणि मग ग्राहकाने एक कंपनी सोडून दुसरीकडे जाण्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून किती वरपर्यंत वाटायचे, ही रेषा या विषयाचा गाभा आहे. ती तंत्रज्ञान आपोआप आखून देत नाही. नियामक, न्यायालये, सरकार आणि कंपन्या मिळून ती आखतात, आणि दर दहा वर्षांनी ती थोडी वर सरकते.

आर्थिक कारण समजायला अवघड नाही. टॉवरचा बहुतेक खर्च तो उभा राहण्याआधीच होऊन जातो : पाया, पोलाद, वीजजोडणी, रस्ता, परवानग्या. एका कंपनीचे सामान चढवले काय आणि तीन कंपन्यांचे चढवले काय, या खर्चात थोडाच फरक पडतो. म्हणून टॉवर कंपनीचा सगळा हिशेब एका टॉवरवर सरासरी किती भाडेकरू आहेत यावर चालतो. पहिला भाडेकरू कर्जाचे हप्ते आणि देखभाल कशीबशी भागवतो, खरी कमाई दुसऱ्यापासून सुरू होते. भाडेकरूंच्या दृष्टीनेही तिघांनी तीन टॉवर बांधण्यापेक्षा एका टॉवरवर भाडे भरणे स्वस्त. वस्ती जितकी विरळ तितका हा हिशेब महत्त्वाचा. शहरात दोन टॉवर शेजारी शेजारी उभे राहिले तरी दोन्ही चालतात. भामरागडच्या जंगलात एकाचाही खर्च निघणे कठीण, मग दुसऱ्याची गोष्टच नको.

तरीही या कल्पनेने जोर धरला तो विरळ वस्तीच्या देशात नव्हे, श्रीमंत युरोपात. २००० साली ब्रिटनने ३जी लहरींचा लिलाव केला आणि सरकारच्या तिजोरीत सुमारे २,२५० कोटी पौंड आले. त्याच वर्षी जर्मनीच्या लिलावात सुमारे ५,००० कोटी युरो जमा झाले. लहरींवर एवढा पैसा ओतल्यावर जाळे उभारायला कंपन्यांच्या हाती फारसे उरले नाही. २००१ मध्ये जर्मनीत टी-मोबाइल आणि पुढे ओटू या नावाने ओळखली जाऊ लागलेली कंपनी यांनी ३जीचे काम वाटून घेण्याचा करार केला. युरोपीय आयोगाने २००३ मध्ये त्याला अटी घालून मान्यता दिली. २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या निर्णयाचा काही भाग रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, हा करार झालाच नसता तर बाजारात काय घडले असते, हे आयोगाने तपासलेलेच नाही. ओटू एकटीने खेड्यापाड्यांत पोहोचू शकली असती का? नसेल, तर तिला दुसऱ्याच्या जाळ्याचा आधार मिळाल्याने स्पर्धा घटली की वाढली? आज जगात कुठेही जाळ्याच्या वाटणीवर वाद झाला की हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो.

स्वीडनचा मार्ग वेगळा होता. तिथे लिलाव झाला नाही. कोण किती लोकांपर्यंत पोहोचण्याचे वचन देतो यावर परवाने दिले गेले. कंपन्यांनी २००३ अखेरपर्यंत ८८ लाख ६० हजार लोकांपर्यंत, म्हणजे जवळजवळ साऱ्या देशापर्यंत, पोहोचण्याचे वचन दिले. गंमत म्हणजे पूर्वीची सरकारी मक्तेदार टेलिया हिलाच परवाना मिळाला नाही. तिने परवाना मिळालेल्या टेलेटूशी भागीदारी करून एकच जाळे उभारले, तर उरलेल्यांनी मिळून दुसरे. मुदत पाळली गेली नाही, पण उत्तरेकडच्या बर्फाळ, ओसाड मुलखात चार जाळी उभारण्यापेक्षा दोन उभारणे शहाणपणाचे, हे सर्वांना पटले. पुढे ४जीच्या वेळी तिथे भागीदारांच्या जोड्या बदलल्या, वाटणी मात्र टिकली. ब्रिटनमध्ये २००७ पासून टी-मोबाइल आणि थ्री यांनी, आणि त्यानंतर ओटू व व्होडाफोन यांनी, अशीच सामायिक जाळी बांधली. चार दुकाने आणि दोन जाळी, ही तिथली घडी अशी बसली.

भारतात गोष्ट उलट्या टोकाकडून सुरू झाली. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळात मुंबईत दोन परवाने होते आणि महाराष्ट्र–गोवा सर्कलमध्येही, म्हणजे परवाना-क्षेत्रातही, दोन. दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई वेगळी आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह एकत्र, अशी विभागणी तेव्हापासून आहे. प्रत्येक कंपनी आपला टॉवर स्वतः बांधत असे, कारण कुठे टॉवर आहे हीच तिची जाहिरात होती. आमची रेंज घाटात येते, तुमची येत नाही, यावर सिम विकले जाई. २००० साली सरकारने टॉवर, डक्ट आणि डार्क फायबर (उपकरणे न जोडलेली फायबर) यांसारख्या पायाभूत गोष्टी पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी साधी नोंदणी सुरू केली. स्वतः सेवा न देता फक्त टॉवर भाड्याने देण्याचा धंदा कायदेशीरपणे करता येऊ लागला तो तेव्हापासून.

पुढच्या काही वर्षांत कॉलचे दर इतके घसरले आणि ग्राहक इतके वाढले की टॉवर हीच कंपन्यांच्या वाढीची अडचण होऊन बसली. २००७ च्या एप्रिलमध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने पायाभूत सुविधा वाटून घेण्याबाबत शिफारशी केल्या आणि १ एप्रिल २००८ ला दूरसंचार विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधीच, नोव्हेंबर २००७ मध्ये, भारती एअरटेल, व्होडाफोन एस्सार आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स ही कंपनी स्थापली होती. बाजारात एकमेकांच्या उरावर बसलेल्या तीन कंपन्यांनी आपले टॉवर एका पेटीत टाकायचे, आणि तिथे बाहेरच्या प्रतिस्पर्ध्यालाही भाड्याने जागा द्यायची, असे या प्रमाणावर जगात तेव्हा क्वचितच घडले होते. काही वर्षांतच इंडसकडे लाखाच्या वर टॉवर झाले. नवी मुंबईतून चालणाऱ्या जीटीएल इन्फ्राने २०१० मध्ये एअरसेलचे साडेसतरा हजार टॉवर सुमारे ८,४०० कोटी रुपयांना घेतले. अमेरिकन टॉवर कॉर्पोरेशनही भारतातले टॉवर विकत घेत सुटली होती. टॉवरवाल्यांची ती सुगी होती.

सुगीनंतरचा काळ कठीण गेला, आणि त्यातून शिकण्यासारखे खूप आहे. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २जी लहरींच्या वाटपातले १२२ परवाने रद्द केले. त्या परवान्यांच्या भरवशावर टॉवर बांधणाऱ्या कंपन्यांचे भाडेकरू एका निकालाने गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स, टाटा, टेलिनॉर असे एकामागून एक बाहेर पडले किंवा विकले गेले. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र झाल्या. दोन भाडेकरूंचा एक भाडेकरू झाला की टॉवरवरच्या एका जागेचे भाडे बंद होते. २०२० मध्ये एअरटेलची टॉवर कंपनी भारती इन्फ्राटेल आणि इंडस एक झाल्या. त्याच वर्षी जिओच्या टॉवरांची मालकी कॅनडाच्या ब्रुकफील्डच्या गुंतवणुकीत गेली, आणि २०२४ मध्ये अमेरिकन टॉवरचा भारतीय व्यवसायही ब्रुकफील्डच्याच ट्रस्टने घेतला. आज आपल्या गावातल्या टॉवरचा मालक आणि आपल्या सिमची कंपनी अनेकदा वेगळी असते, आणि त्या मालकाचा पैसा दूरच्या देशातल्या निवृत्तिवेतन फंडांकडून आलेला असू शकतो. भाडेकरू थकला तर मालक अडचणीत येतो, मालक अडचणीत आला तर डिझेल वेळेवर येत नाही, आणि डिझेल आले नाही तर रेंज जाते. व्होडाफोन आयडियाची थकबाकी हा इंडससाठी किती मोठा प्रश्न होता, हे साऱ्या बाजाराने पाहिले आहे.

वरच्या थरांकडे भारताची वाटचाल सावध राहिली. २०११ मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी ३जीसाठी एकमेकांच्या सर्कलमध्ये रोमिंगचा करार केला. ज्या सर्कलमध्ये लहरी विकत घेतल्या नाहीत तिथेही ३जी विकायचे, हे परवान्यात बसत नाही असे दूरसंचार विभागाचे म्हणणे. टीडीसॅट या न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१५ मध्ये लहरी वाटून घेण्याचे नियम आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये परवान्यात दुरुस्ती होऊन अँटेना, फीडर केबल, बेस स्टेशन, रेडिओ जाळे आणि प्रसारण यंत्रणा वाटून घेण्यास मोकळीक मिळाली. तरीही पॅसिव्ह वाटणीत जगात अग्रेसर असलेल्या भारतात अॅक्टिव्ह वाटणी फारशी रुजली नाही. प्रत्येक कंपनीची उपकरणे वेगळ्या पुरवठादाराची, बाजारातले डावपेच वेगळे, आणि एकमेकांवरचा विश्वास बेताचा, ही त्याची ठळक कारणे.

जगभरचे प्रयोग पाहिले तर चार पंथ ढोबळमानाने दिसतात. पहिला पंथ स्वतंत्र टॉवर कंपनीचा. त्याचे मूळ अमेरिकेत, आणि आफ्रिकेत आयएचएस, हेलिओस यांसारख्या कंपन्यांनी तो रुजवला. टॉवरवाला कोणाचाच नाही, म्हणून सर्वांना समान वागवतो, हे या पंथाचे तत्त्व. दुसरा पंथ ऑपरेटरांच्या भागीदारीचा : स्वीडन, ब्रिटन, पोलंड, डेन्मार्क. इथे वाटणी रेडिओपर्यंत जाते, पण निर्णय कंपन्यांच्याच हाती राहतात. चीनचा मार्ग या दोहोंच्या मधला. २०१४ मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून चायना टॉवर काढली, स्वतःचे टॉवर तिला विकले, आणि ती जगातली सर्वांत मोठी टॉवर कंपनी झाली. पुढे २०१९ मध्ये चायना टेलिकॉम आणि चायना युनिकॉम यांनी ५जीचे रेडिओ जाळेही एकत्र बांधायला घेतले.

तिसरा पंथ सर्वांत धाडसी : देशभर एकच घाऊक जाळे, आणि कंपन्यांनी त्यावरून किरकोळ सेवा विकायची. मेक्सिकोने २०१३ च्या घटनादुरुस्तीनंतर हा मार्ग धरला. ‘रेड कॉम्पार्तिदा’ हे जाळे २०१८ मध्ये सुरू झाले. ते चालवणारी अल्तान कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि सरकारला तिला वाचवावे लागले. रवांडात एका कोरियन भागीदारीला ४जीचा एकाधिकार मिळाला होता, तो पुढे मोडण्यात आला. मलेशियाने २०२१ मध्ये ५जीसाठी डिजिटल नॅशनल बेरहाद हे एकच जाळे उभारले, आणि ते वेगाने पसरलेही. तरी २०२३ मध्ये दुसऱ्या जाळ्याचा निर्णय घ्यावा लागला. एकच जाळे म्हणजे दुबार खर्च नाही, हे खरे. पण ते जाळे महाग पडले किंवा मागे पडले तर ग्राहकाला जायला दुसरे ठिकाणच उरत नाही, हेही तितकेच खरे. या पंथाच्या अपयशांकडे हे पुस्तक सहानुभूतीने पाहते, कारण त्यामागची इच्छा चांगली होती. पण त्यांतून निघणारा धडा ते लपवत नाही.

चौथा पंथ सार्वजनिक पैशाच्या सीमित वाटणीचा आहे, आणि माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत उपयोगी तोच. शहरात स्पर्धा राहू द्या, पण जिथे बाजार पोहोचत नाही तिथे सरकारने पैसा घालावा आणि त्या पैशाने उभारलेले जाळे सर्वांसाठी खुले ठेवावे, असे त्याचे सूत्र. न्यूझीलंडमध्ये तिन्ही कंपन्यांनी २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी संयुक्त संस्था स्थापली. ती एकाच उपकरणावरून तिघांचीही सेवा देते. ब्रिटनने २०२० मध्ये चार कंपन्यांसह ‘शेअर्ड रूरल नेटवर्क’ हाती घेतले. भारतातही हा विचार जुना आहे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या सार्वत्रिक सेवा निधीतून २००७ मध्ये दुर्गम भागांत सात हजारांहून अधिक सामायिक टॉवर उभारण्याची योजना सुरू झाली. एका टॉवरवर तीन कंपन्यांना जागा मिळावी, अशी तिची रचनाच होती. त्या निधीचे रूपांतर आता डिजिटल भारत निधीत झाले आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २४,६८० गावांना ४जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. जानेवारी २०२५ पासून या निधीतून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरांवर सर्कलअंतर्गत रोमिंगची, म्हणजे आपल्याच सर्कलमध्ये दुसऱ्या कंपनीचे जाळे वापरण्याची, सोय सुरू झाली. शेजारच्या डोंगरावरचा टॉवर माझ्या सिमला का चालत नाही, या रेशन दुकानदाराच्या प्रश्नाला सरकारने दिलेले हे पहिले मोठे उत्तर आहे.

वाटणीचे फायदे सांगताना तिचे धोकेही स्पष्ट सांगायला हवेत. पहिला धोका स्पर्धेचा. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा ही सर्वांत मोठी कंपनी आणि टीपीजी यांच्यातला ग्रामीण जाळ्याचा करार तिथल्या स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये नाकारला, आणि २०२३ मध्ये न्यायाधिकरणानेही तो निर्णय कायम ठेवला. टीपीजीने मग दुसऱ्या क्रमांकाच्या ऑप्टसशी करार केला, आणि त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. कराराची रचना बरीच सारखी, पण भागीदार बदलताच निकाल बदलला. बलवानाने दुबळ्याला आपल्या जाळ्यात घेणे आणि दोन दुबळ्यांनी बलवानासमोर एकत्र उभे राहणे यांत नियामकाने फरक केला. भारतात आज खासगी कंपन्या तीन आणि सरकारी बीएसएनएल. इथे कोण कोणाशी वाटणी करते हा प्रश्न उद्या त्याच धारेने विचारावा लागेल.

दुसरा धोका एका जागी सगळे अवलंबून असण्याचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड या भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि फोन कित्येक दिवस मुके राहिले. सामायिक टॉवरची वीज गेली, बॅटरी उतरली, रस्ता बंद असल्याने डिझेल पोहोचले नाही, तर त्यावरच्या सगळ्या कंपन्या एकदमच जातात, आणि खिशातले दुसरे सिमही कामाला येत नाही. त्याच वेळी आपत्तीत वाटणी हाच आधारही ठरतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या काळात गुजरातेत सर्कलअंतर्गत रोमिंग सुरू करण्यात आले आणि कोणत्याही कंपनीचा ग्राहक जो टॉवर जिवंत असेल त्यावर बोलू शकत होता. म्हणजे वाटणी खालच्या थरावर केली आणि पर्यायी वीज-फायबरची सोय केली नाही तर संकट वाढते. वरच्या थरावर, आणीबाणीपुरती, आधीच ठरवून केली तर जीव वाचतात. आपल्या किनारपट्टीसाठी हा फरक फार मोलाचा आहे.

तिसरा धोका जबाबदारी विरघळण्याचा. मुंबईच्या भुयारी मेट्रोत जमिनीखाली प्रत्येक कंपनीने वेगळे जाळे ओढणे शक्य नाही, म्हणून त्रयस्थाने उभारलेल्या सामायिक जाळ्याची व्यवस्था ठरली. अटींवरून कंपन्यांशी जमले नाही, आणि प्रवाशांच्या हातातले फोन बोगद्यात बंद पडले. तक्रार कोणाकडे करायची, याचे सरळ उत्तर प्रवाशाला कोणी देऊ शकले नाही. सामायिक जागेचा मालक, जाळ्याचा चालक आणि सिमची कंपनी असे तीन वेगळे हात झाले की ग्राहकासाठी एक दार नक्की असलेच पाहिजे.

शेजाऱ्यांच्या भीतीचाही विचार पुस्तकात आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या विद्युतचुंबकीय उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. सामायिक टॉवरवर सर्व कंपन्यांचे एकत्रित उत्सर्जन या मर्यादेत असावे लागते. सोसायटीच्या सभेत हा मुद्दा निघतो तेव्हा घबराट पसरवणे आणि प्रश्न झटकून टाकणे ही दोन्ही टोके टाळता येतात. मोजणीचे प्रमाणपत्र मागणे, आणि नवा भाडेकरू टॉवरवर चढला की पुन्हा मोजणी मागणे, हा रहिवाशांचा रास्त आग्रह आहे.

हा सगळा विषय आताच का मांडायचा? कारण किती वरपर्यंत वाटायचे, ही रेषा पुन्हा सरकते आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झाले. त्याच्या वरच्या पट्ट्यातल्या लहरी दूरवर पोहोचत नाहीत, म्हणून अँटेना जवळजवळ, अगदी दिव्याच्या खांबांवर आणि बसथांब्यांवरही लागतात. तिथे तीन कंपन्यांच्या तीन पेट्या बसवणे शहराला परवडणारे नाही. दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये मंजूर झाला, टॉवर-केबलसाठी जागा वापरू देणाऱ्या मार्गाधिकाराचे नवे नियम २०२५ च्या आरंभी लागू झाले, आणि ट्रायने एप्रिल २०२४ मध्ये अॅक्टिव्ह व पॅसिव्ह अशा दोन्ही प्रकारच्या वाटणीला व्यापक मुभा देण्याची शिफारस केली. पुढच्या दहा वर्षांचे साचे आत्ता ओतले जात आहेत. नगरपालिकेने खांब कोणाला द्यायचे, एका कंपनीला की सर्वांना, आणि कोणत्या अटीवर, हे आपल्याच शहरांत ठरणार आहे.

या संग्रहातले लेख अभियंते, अर्थशास्त्र आणि कायदा यांचे अभ्यासक, आणि टॉवरवर प्रत्यक्ष काम करणारे लोक यांनी लिहिले आहेत. काही लेख एकमेकांशी सहमत नाहीत, आणि ते तसेच ठेवले आहेत. ज्याला रेडिओचे गणित येत नाही त्यालाही कोणताही लेख वाचता यावा, याची काळजी घेतली आहे. टेनन्सी, बॅकहॉल, रोमिंग हे शब्द धंद्यात जसे वापरतात तसेच ठेवून पहिल्या वापराच्या जागी त्यांचा अर्थ दिला आहे. कोणत्याही कंपनीची बाजू घेणे हा हेतू नाही. बाजू घेतली आहे ती सिमकार्ड विकत घेणाऱ्याची, आणि ज्याच्या गावात अजून कोणाचीच रेंज नाही त्याची.

या बाजूने पाहिले की तीन मागण्या स्पष्ट होतात. सार्वजनिक पैशाने किंवा सार्वजनिक जागेवर उभारलेले जाळे प्रत्येक कंपनीला समान अटींवर खुले असावे. खासगी कंपन्या वरच्या थरावर वाटणी करतील तेव्हा ती कोणाला बळ देते आणि कोणाला गिळते, हे नियामकाने उघडपणे तपासावे. आणि प्रत्येक सामायिक टॉवरसाठी कोण जबाबदार आहे, वीज गेल्यावर तो किती तास चालेल, आपत्तीत त्यावर कोणाकोणाला प्रवेश मिळेल, हे आधीच लेखी ठरलेले असावे. ग्रामसभेत, सोसायटीत, नगरपालिकेत आणि विधानसभेत बसणाऱ्या वाचकांनी हे प्रश्न नेमकेपणाने विचारले, तर सामायिक जाळ्याचा लाभ कंपन्यांच्या ताळेबंदापुरता न राहता प्रत्येक ग्राहकापर्यंत पोहोचेल. असे प्रश्न विचारायला लागणारी माहिती मराठीत हाताशी असावी, म्हणून हे पुस्तक आहे.